कावेरीतीर, चीन आणि प्रा. पु. वि. बापट

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजी राजे आठवतात, सरफोजींचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आठवतो. १६७६ ते १८५५ या काळातील मराठी राज्याने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाशी आपले नाते जोडले हे खरेच. परंतु या प्रदेशाशी एका मराठी विद्वानाचा संबंध याहून फार जुन्या वाटेने आला. ती वाट पाली भाषेची होती आणि ती चीनमधून वळसा घेऊन येत होती. प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४-१९९१) यांच्या विद्याजीवनाचा विचार या वाटेने केल्यास त्यांच्या कार्यातील एक सूत्र हाती लागते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम त्या प्रदेशाविषयी थोडे. कल्लणैच्या धरणापाशी कावेरी आणि कोळ्ळिडम् यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि पुढे कावेरीला असंख्य फाटे फुटतात. त्यांच्या काठची गावे आज शिवालयांची आणि भातशेतीची म्हणून ओळखली जातात. तरी बुद्धमंगलम्, पेरुंजेरी, पुष्पवनम् यांसारख्या गावांत दगडी बुद्धमूर्ती अद्यापि आहेत. नदी समुद्राला मिळते तेथील पूम्पुहार म्हणजे पाली ग्रंथांतील कावेरीपट्टन. या शतकांपूर्वीच्या बंदराच्या परिसरात पल्लवनेश्वरम् येथे १९६० नंतरच्या दशकात उत्खनन होऊन बौद्ध विहाराचे अवशेष आणि बुद्धपदाची शिला मिळाली. दक्षिणेला नागपट्टिणम्. तेथे राजराज चोळाच्या काळात श्रीविजयच्या राजाने चूडामणिविहार बांधविला आणि त्याला आनैमंगलम् हे गाव लावून दिल्याची नोंद लायडन येथील ताम्रपटांत आहे. तेथेच एक विटांचा उंच मनोरा होता. चिनी प्रवासी वांग ता-युआन याने चौदाव्या शतकात त्याची नोंद केली असून त्यावर १२६७ साली काम पूर्ण झाल्याचा चिनी अक्षरांतील लेख होता असे तो सांगतो. त्या किनाऱ्यावरील ज्या भग्न मनोऱ्याला युरोपीय लोक चिनी पॅगोडा म्हणत, तो १८६७ साली पाडण्यात आला.

या मनोऱ्याहून अधिक टिकाऊ ठरले ते या प्रदेशातील आचार्यांचे लेखन. बुद्धदत्त थेर हा चोळ देशाचा, उरगपूरचा, म्हणजे उरैयूरचा. त्याने काही ग्रंथ कावेरीपट्टन येथे रचले आणि विनयविनिच्छय हा विनयाचा पद्यमय संक्षेप भूतमंगल या गावी, वेण्हुदासाने बांधलेल्या विहारात राहून पूर्ण केला. त्या वेळी कलभ्र कुळातील अच्युतविक्रान्त राज्य करीत होता. हे भूतमंगल म्हणजे आजच्या तिरुवारूर जिल्ह्यातील पूदमंगलम् असे काही अभ्यासक मानतात. त्याच्या नंतरच्या धम्मपालाने नेत्तिप्रकरणावरील टीका नागपट्टिणम् येथील धम्माशोक महाराज विहारात लिहिली. याच धम्मपालाच्या नावे विसुद्धिमग्गावरील परमत्थमंजूसा ही महाटीका आहे. दोन्ही टीकांचा कर्ता एकच की दोन धम्मपाल झाले, हा वाद आजही मिटलेला नाही. परंपरा मात्र त्यांना एकच मानते.

या महाटीकेत एक लहानसे वाक्य आहे. बुद्धघोषाने मनुष्यस्वभावाच्या प्रकारांची, म्हणजे चर्यांची, चर्चा करताना काही जणांचे मत असा मोघम उल्लेख करून एक मत खोडून काढले आहे. हे काही जण कोण, ते बुद्धघोष सांगत नाही. धम्मपाल सांगतो. तो म्हणतो की हा उल्लेख उपतिस्स थेराला उद्देशून असून त्याने विमुत्तिमग्ग या ग्रंथात तसे म्हटले आहे. एवढेच. उपतिस्साचा हा ग्रंथ पालीत उरला नाही, त्याची पोथी ना लंकेत ना दक्षिण भारतात अभ्यासकांच्या हाती आली. टीकाकाराने सहज दिलेला एक पत्ता तेवढा राहिला, घर नाहीसे झाले.

ते घर चीनमध्ये होते. फूनान देशाचा, म्हणजे आजच्या कंबोडिया परिसरातला, संघपाल नावाचा भिक्षू चीनमध्ये ल्यांग राजवटीत अनुवादाचे काम करीत असे. त्याने सहाव्या शतकाच्या आरंभी उपतिस्साचा एक ग्रंथ चिनीत आणला. त्याचे चिनी नाव च्ये-थुओ-ताओ-लुन. च्ये-थुओ म्हणजे विमुक्ती, ताओ म्हणजे मार्ग, लुन म्हणजे शास्त्र. हाच तो विमुत्तिमग्ग, हे जपानी विद्वान नागाई माकोतो यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले. परंतु ओळख पटणे आणि ग्रंथ शब्दशः तपासणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर बापटांनी चालून पार केले.

बापटांची पालीशी गाठ पडली ती पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, धर्मानंद कोसंबी यांच्यामुळे. गोव्यातील साखवाळच्या या माणसाने घर सोडून काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे भटकत बुद्धवचनाचा शोध घेतला होता, आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी पुढे मुंबई इलाख्यात पालीच्या अध्यापनाची परंपरा चालविली. बापट त्यांपैकी एक. शिक्षण संपल्यावर तेही त्याच महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये त्यांनी सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. रोमन, सिंहली किंवा ब्रह्मी लिपीत अडकलेला ग्रंथ देवनागरीत आणणे हे केवळ लिप्यंतर नव्हते. संस्कृत जाणणाऱ्या हजारो भारतीय वाचकांसाठी ते दार उघडणे होते. या कामाचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

कोसंबींचे स्वतःचे आयुष्य विसुद्धिमग्गाशी बांधलेले होते. हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरेन यांनी सुरू करून अपुरे सोडलेले विसुद्धिमग्गाचे संपादन पूर्ण करण्यासाठी ते १९१० पासून वारंवार अमेरिकेत गेले. ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाली. गुरूने विसुद्धिमग्गाचा पाठ निश्चित करावयाचा आणि शिष्याने त्या ग्रंथाच्या मागे उभा असलेला, नाहीसा झालेला ग्रंथ शोधावयाचा, अशी ही विभागणी कोणी ठरवून केली नसेल. पण घडली ती अशी. बापट हार्वर्डला गेले आणि १९३२ मध्ये त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. विषय होता विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास. हा प्रबंध १९३७ मध्ये पुण्यात छापला गेला.

या प्रबंधात बापटांनी काय केले ते थोडे सविस्तर पाहणे अवश्य आहे, कारण त्यांची सारी विद्या या एका कामात दिसते. चिनी ग्रंथात बारा परिच्छेद, विसुद्धिमग्गात तेवीस. बापटांनी चिनी ग्रंथ परिच्छेदवार घेतला, त्याचा सारांश दिला, आणि पालीत त्याशी जुळणारे स्थळ शेजारी ठेवले. दोन्हींचा आराखडा शील, समाधी, प्रज्ञा असाच. अनेक उपमा समान. पण जेथे फरक आहे तेथे तो नेमका आहे. उपतिस्स चौदा प्रकारच्या चर्या सांगतो, बुद्धघोष सहाच मानतो. उपतिस्स ध्यानाची कर्मस्थाने अडतीस मोजतो, बुद्धघोष चाळीस. उपतिस्स मिद्ध, म्हणजे तंद्री, हिला रूपाच्या यादीत घालतो. महाविहाराची परंपरा तिला रूप मानीत नाही, आणि हे मत अभयगिरी विहारवाल्यांचे असल्याचे टीकापरंपरा सांगते. असे एकेक स्थळ जुळवीत गेल्यावर धम्मपालाच्या त्या वाक्याला अर्थ आला. चर्यांविषयी जे मत बुद्धघोषाने नाव न घेता खोडले, ते चिनी ग्रंथात उपतिस्साच्या तोंडी सापडले. साक्षीदार दक्षिण भारतातला, पुरावा चीनमधला. दोघांची जबानी जुळली.

त्यामुळे विसुद्धिमग्गाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि हीच त्यातील खरी जोखीम होती. थेरवादी परंपरेत विसुद्धिमग्गाचे स्थान असे आहे की त्याच्या कर्त्याने कोणाच्या आराखड्यावर काम केले हे म्हणणे अनेकांना रुचणारे नव्हते. बापटांनी ते संयमाने मांडले. बुद्धघोषाने उपतिस्साचा ग्रंथ पाहिला होता, त्याचा उपयोग केला आणि जेथे महाविहाराचे मत वेगळे होते तेथे त्याला सोडले, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. ग्रंथ मुळात भारतातून लंकेत गेला असावा, आणि अभयगिरी विहाराशी त्याचा संबंध असावा, या दोन्ही गोष्टींकडे त्यांच्या लेखनाचा कल आहे. यांपैकी दुसऱ्या मुद्द्यावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. मिद्धासारख्या एकदोन मतांवरून संपूर्ण ग्रंथ एका विहाराच्या नावे करावा काय, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त आहे. ग्रंथांच्या अग्रक्रमाविषयी मात्र बापटांचे म्हणणे टिकले.

चिनी भाषेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. भारतीय ग्रंथाच्या चिनी अनुवादात जो शब्द दिसतो तो आधी चीनचा असतो, मग बुद्धाचा. विमुत्तिमग्गाच्या चिनी नावातील ताओ हाच शब्द घ्या. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तो सदाचरणाचा आणि सुराज्याचा मार्ग आहे. लाओत्सेच्या ग्रंथात तो सर्व वस्तूंच्या आधीचे, नामरूपात न मावणारे तत्त्व आहे. प्रारंभीच्या बौद्ध अनुवादकांनी या एका शब्दावर मार्ग, बोधी आणि गती असे निरनिराळे भार टाकले; भिक्षूलाही ते ताओचा माणूस म्हणत. निर्वाणासाठी त्यांनी लाओत्सेचा अकर्म, म्हणजे वू-वेई, हा शब्द वापरला. याचे उलटे उदाहरण ह्युएन त्सांगच्या चरित्रात आहे. कामरूपाचा राजा भास्करवर्मा याच्यासाठी लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात करण्याची आज्ञा ६४७ च्या सुमारास त्याला झाली, तेव्हा सहकारी ताओपंथी पंडितांचा आग्रह होता की ताओला बोधी म्हणावे. ह्युएन त्सांगने मार्गाखेरीज दुसरा शब्द मान्य केला नाही. तो अनुवाद आज उपलब्ध नाही. पण वाद कशाचा होता ते महत्त्वाचे आहे. एका शब्दाने दोन दर्शने एक होतात की वेगळी राहतात, हा तो वाद होता.

संघपालाच्या काळापर्यंत बौद्ध चिनी परिभाषा बरीच स्थिरावली होती. तरीही अडचणी होत्या. त्याच्या अनुवादात चर्येसाठी जे अक्षर आहे, शिंग्, म्हणजे चालणे, आचरणे, तेच अक्षर संस्कारांसाठी आहे. आणि त्यालाच स्थान या अर्थाचे अक्षर जोडले की कर्मस्थान होते. केवळ चिनी जाणणारा येथे आचरणाची जागा असे वाचील आणि पुढे जाईल. केवळ पाली जाणणाऱ्याला ते पानच वाचता येणार नाही. दोन्ही जाणणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून ठरवावे लागते की या ओळीत उपतिस्साचा मूळ शब्द कोणता. बापटांचे काम म्हणजे अशा थांब्यांची मालिका आहे. त्यांच्या लेखनात झगमगाट नाही, कित्येक पाने तर नुसत्या स्थलनिर्देशांची आहेत. ती कंटाळवाणी आहेत असे म्हणणाऱ्याने एकदा दोन ग्रंथ समोर ठेवून स्वतः जुळवून पाहावे.

पुण्यात या विषयात ते एकटे नव्हते. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी जर्मनीत राहून चिनी व तिबेटी साधनांवरून आर्यदेवाच्या अक्षरशतकाचा अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध केला होता. चिनी आणि तिबेटी साधनांनी भारतीय दर्शने वाचणारे दोन विद्वान एकाच काळात पुण्यात असावेत, ही घटना भारतीय विद्येच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

१९३७ मध्येच रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या प्रयत्नाने चीन भवन उभे राहिले. पुढच्या दशकात बापट तेथे संशोधनासाठी राहिले आणि तेथून त्यांचे दुसरे महत्त्वाचे चिनी काम पुढे आले. हे काम म्हणजे अर्थपदसूत्राचा अनुवाद. तो विश्वभारतीने १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तिसऱ्या शतकात वू राज्यात काम करणाऱ्या चिह-च्येन या अनुवादकाचा हा ग्रंथ. तो स्वतः युएची वंशाचा, पण जन्माने व शिक्षणाने चिनी. आता पहा: या सूत्रातील सोळा प्रकरणे म्हणजे बापटांनी १९२४ मध्ये देवनागरीत आणलेल्या सुत्तनिपातातील अट्ठकवग्गाची सोळा सुत्तेच होत. पाली परंपरेने नावातील अट्ठक शब्द आठ या अर्थी घेतला, कारण काही सुत्ते आठ आठ गाथांची आहेत. चिनी नाव मात्र अर्थ आणि पद असे आहे. म्हणजे चिह-च्येनच्या हाती जी परंपरा आली तिने तो शब्द वेगळा ऐकला होता. शिवाय पालीत ज्या कथा केवळ अट्ठकथेत आहेत तशा प्रकारच्या कथा चिनी ग्रंथात प्रत्येक सुत्ताच्या आधी मूळातच गुंफलेल्या आहेत.

अट्ठकवग्गाचा गाभा मतांना न चिकटण्याचा आहे. माझेच खरे, इतरांचे खोटे, असे म्हणून वाद घालणाऱ्याला शांती मिळत नाही, हा त्याचा सूर. हे वाचताना च्वांगत्सेच्या ग्रंथातील, हे आणि ते यांच्या वादापलीकडे पाहणारे प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. दोहोंत काही ऐतिहासिक संबंध होता असे मुळीच सुचवावयाचे नाही. काळ व देश पाहता तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु तिसऱ्या शतकातील चिनी वाचकाला हे सूत्र इतके परके वाटले नसावे, आणि चिह-च्येनसारख्याने ते अनुवादासाठी उचलले यामागे हेही एक कारण असू शकेल. बापट स्वतः अशा अनुमानांपासून दूर राहतात. त्यांनी पाठ जुळविला, भेद नोंदविले आणि तत्त्वचर्चा वाचकावर सोडली. ही त्यांची मर्यादा की शिस्त, यावर मतभेद होऊ शकतो. मला ती शिस्त वाटते, तरी कधीकधी त्यांनी आणखी एक पाऊल टाकले असते तर बरे झाले असते असेही वाटते.

बाकी कार्याचा उल्लेख थोडक्यात करणे शक्य आहे. रा. द. वाडेकर यांच्यासह धम्मसंगणी (१९४०), त्यापाठोपाठ अट्ठसालिनी (१९४२) यांच्या देवनागरी आवृत्त्या पुण्यास निघाल्या. बुद्धपरिनिर्वाणाच्या अडीच हजार वर्षांच्या निमित्ताने भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५६ मध्ये काढलेल्या ग्रंथाचे संपादन त्यांनी केले. सामान्य वाचकाला बापटांचे नाव माहीत आहे ते बहुधा याच ग्रंथामुळे. १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा विभाग स्थापन झाला, त्याचे पहिले प्रमुख बापट होते. वयाच्या साठीनंतर अनोळखी नगरात एक नवा विभाग उभा करणे सोपे नसते.

दिल्लीच्या काळातच ते पुन्हा उपतिस्साकडे वळले. विमुत्तिमग्गातील धुतांगांचा, म्हणजे भिक्षूच्या तेरा कठोर व्रतांचा, परिच्छेद तिबेटी भाषेत स्वतंत्रपणे अनुवादित झालेला आहे. त्याची आवृत्ती व अनुवाद त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. चिनी अनुवाद कोठे मुळाशी प्रामाणिक आहे आणि कोठे संघपालाचा हात फिरला आहे, हे पारखण्यासाठी तिसरी साक्ष हवी होती. ती या एका परिच्छेदापुरती मिळाली. तीस वर्षांपूर्वीचे आपलेच निष्कर्ष नव्या साधनाने पुन्हा तपासावयास बसणारे विद्वान फार नसतात.

शेवटचे मोठे काम विनयाचे. कॅंटन येथे ४८९ च्या सुमारास संघभद्र नावाच्या भिक्षूने शान-च्येन-पि-पो-शा हा ग्रंथ चिनीत आणला. याच संघभद्राशी ती प्रसिद्ध बिंदूंची नोंद निगडित आहे: दर वर्षावासाच्या अखेरीस पोथीवर एक बिंदू, असे ९७५ बिंदू झाले होते, त्यावरून बुद्धाचे परिनिर्वाण इसवी सनापूर्वी ४८६ च्या आसपास येते. हा ग्रंथ म्हणजे बुद्धघोषाच्या नावे असलेल्या समंतपासादिका या विनय-अट्ठकथेचा अनुवाद होय, हे ताकाकुसु यांनी १८९६ मध्ये सांगितले होते. बापटांनी अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद केला आणि पालीशी जुळणारी स्थळे दाखविली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९७० मध्ये छापला. बापट त्या वेळी शहात्तर वर्षांचे होते. चिनी ग्रंथात पालीहून भिन्न असे बरेच काही आहे, आणि त्याला समंतपासादिकेचा सरळ अनुवाद म्हणावे की दुसऱ्या परंपरेचे मिश्रण असलेला ग्रंथ, ही चर्चा एकविसाव्या शतकात पुन्हा सुरू झाली. ती ज्या भेदांवर आधारलेली आहे त्यांतले पुष्कळसे बापट-हिराकावांच्या टिपांत आधीच नोंदलेले आहेत.

येथे पुन्हा कावेरी आठवते. दंतकथा अशी की बुद्धदत्त लंकेहून परत येत असता समुद्रात त्याची आणि लंकेला निघालेल्या बुद्धघोषाची नाव एकमेकींजवळून गेली. बुद्धघोषाने आपण सिंहली अट्ठकथा पालीत आणावयास चाललो आहोत असे सांगितले, आणि बुद्धदत्ताने त्या तयार होतील तशा आपल्याकडे पाठवाव्यात, आपण त्यांचा संक्षेप करू, असे कळविले. कथा उत्तरकालीन आहे, तिला इतिहास म्हणता येत नाही. परंतु विनयाचा तोच व्याख्यानसंप्रदाय एकीकडे भूतमंगलच्या विहारात पद्यात संक्षिप्त झाला आणि दुसरीकडे कॅंटनला चिनी गद्यात उतरला, एवढे तरी त्या दोन ग्रंथांवरून दिसतेच. बापटांच्या दोन प्रमुख चिनी कामांपैकी एकाची किल्ली धम्मपालाच्या वाक्यात होती, आणि दुसऱ्याचा भारतातील सोयरा बुद्धदत्ताचा ग्रंथ आहे.

बापट १९९१ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले. विमुत्तिमग्गाचा एहारा, सोम थेर व खेमिंद थेर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्यांच्या हयातीतच, १९६१ मध्ये, कोलंबोत प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर भिक्खू ञाणतुसित यांनी चिनी मूळ, तिबेटी अंश आणि पाली समांतर स्थळे पुन्हा पडताळून केलेला विस्तृत अनुवाद २०२१ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या बौद्ध अध्ययन केंद्रातर्फे निघाला. उपतिस्साची मूळ पाली पोथी मात्र कोठेही मिळालेली नाही. त्याच्या ग्रंथाचा विचार करणाऱ्याला आजही संघपालाचा चिनी पाठ आणि धम्मपालाचे ते एक वाक्य समोर ठेवूनच आरंभ करावा लागतो.